छातीतलं स्टिकर

सातव्या महिन्यातच नात जन्मली आणि प्रत्येक श्वासाला तिच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या. सून बेशुद्ध, मुलगा वाटेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुफ्फुसं आतून चिकटताहेत. ती उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट अजून तयार झालेलं नाही, नळीनं सोडावं लागेल. सही करा." आजोबा बापूराव कडाडले, "छातीत पाणी ओतता? बुडन ना लेकरू! आदी दादाले येऊ द्या." थोरल्या भावाला विचारल्याशिवाय त्या घरात बैलाची वेसणही बदलत नसे. आजी पंचफुलाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "फवारणीच्या औषधात ते बाटलीतलं स्टिकर कायले टाकता?" "थेंब पानावर पसराले." "मंग हे छातीतलं स्टिकर. दादा येईस्तोवर पोरगी दम रोखून बसन काय?" त्यांनी पेन हिसकावून सही ठोकली. तासाभरानं फासळ्या शांत झाल्या. दादा गुरगुरतच आले, "सही कोणाले विचारून केली?" पंचफुलाबाईंनी काचेपलीकडच्या नातीकडे बोट दाखवलं, "तिले."