न निवडलेल्या चिठ्ठ्या

शिंप्याची चार बोटं लाकूड आवळायच्या शिकंज्यात होती आणि सुतार दांडी फिरवत होता.

“बोल, कुणी सांगितलं तुला?”

“मी नाही हो लिहिलं ते!”

दांडी आणखी अर्धा फेरा फिरली. शिंपी गुरासारखा ओरडला. त्याचा ओठ आधीच फाटला होता, आणि रक्त हनुवटीवरून रंध्याच्या भुश्शात ठिबकत होतं.

भांडण पैशाचं नव्हतं, जागेचंही नव्हतं. कवितेचं होतं. दर रविवारी दुपारी सुताराच्या कारखान्यात सात माणसं जमत आणि जपानी धर्तीची साखळी-कविता रचत. एकाने तीन ओळींचं कडवं द्यायचं, दुसऱ्याने त्याला दोन ओळी जोडायच्या, पुन्हा तीन, पुन्हा दोन, अशी छत्तीस कडव्यांची मजल मारायची. जोडायच्या ओळी बिननावाच्या चिठ्ठ्यांवर येत. मास्तर एकेक चिठ्ठी उघडत. जी पहिली जमली, तिथे थांबत. ती वहीत उतरायची आणि उरलेल्या न वाचता सरस वितळवायच्या शेगडीत जायच्या. उतरवण्याचं आणि जाळण्याचं काम सुताराच्या बायकोचं. तिला सगळे वहिनी म्हणत. तिचं अक्षर मोत्यासारखं, आणि तोंड कायम मिटलेलं. लेखनिक म्हणून याहून सोयीचं माणूस कुठे मिळणार?

आजचं कडवं सुताराने दिलं होतं:

दिवस मावळला.
दार लावून घेतलं,
आत सगळं शांत.

“वा! काय घरगुती गोडवा!” मास्तर म्हणाले होते. मास्तरांना कवितेतलं सगळं कळे. बाहेरचं काही कळत नसे. चार चिठ्ठ्या आल्या. पहिलीच त्यांना इतकी भावली, की त्यांनी ती खड्या आवाजात वाचली:

भांडं पडलं म्हणून सांगते,
जिन्याचा कठडा धरून.

सुतार उठला तो थेट शिंप्यावरच. बायकोची मापं हाच घेतो, म्हणजे तिने रडगाणं याच्यापाशीच गायलं असणार, असा त्याचा सरळ हिशेब. मास्तर मध्ये पडायला गेले, तर एका धक्क्यात स्टुलासकट आडवे झाले. घड्याळजी भिंतीला चिकटले. नर्सबाईंनी पर्स छातीशी धरली. वरच्या मजल्यावरच्या मावशी जमिनीकडे बघत राहिल्या. त्या ओळी मावशींच्या होत्या. त्यांचं थरथरतं अक्षर वहिनी कितीतरी वर्षं उतरवून घेत होती, तिला ते लांबूनही ओळखू आलं होतं. पण मावशी ब्रही काढत नव्हत्या, आणि वहिनीने त्यांचं नाव घेतलं असतं तर तो त्या म्हातारीवर धावला असता.

वहिनीने कुणालाही, कधीही, एक अक्षर सांगितलं नव्हतं. पण हे त्याला पटणार नव्हतं. शिंप्यानंतर पाळी तिची होती, आणि तीही घरी, दार लावून.

“अहो, सोडा त्यांना,” ती म्हणाली. “मी कुणाला काही सांगितलेलं नाही.”

“तुझं घरी बघतो,” तो मागे न बघता म्हणाला आणि त्याने दांडीला जोर दिला. काहीतरी कट्‌कन मोडलं. शिंप्याचे डोळे पांढरे झाले.

उरलेल्या तीन चिठ्ठ्या वहिनीच्या मांडीवर होत्या. दुसऱ्या कुणाची तरी एखादी ओळ वाचून दाखवावी, निदान त्याचा हात तेवढा थांबेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिने पहिली उघडली. मोठ्याने वाचली.

भर उन्हाळ्यात सांगून गेली,
बाही मनगटापर्यंत हवी.

दांडी थांबली. तिने दुसरी उघडली.

काच फुटलेलं घड्याळ
तिसऱ्यांदा, त्याच हातातलं.

“बंद कर!” सुतार शिकंजा सोडून तिच्याकडे वळला. तिने तिसरी उघडली.

टाके घालताना मी विचारलं नाही,
तिनेही सांगितलं नाही.

त्याने तिचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं बाकाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटायच्या आत तिच्या हाताला मोगरी लागली. लाकडी, जाडजूड, पटाशीवर हाणायची ती. तिने ती सगळा जीव एकवटून त्याच्या गुडघ्यावर मारली. तो कोसळला. उठू लागला तेव्हा तिने खांद्यावर दुसरा घाव घातला.

“हलायचं नाही,” ती म्हणाली. नऊ वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच अशी बोलली होती. तो खरंच हलला नाही.

तिने शिकंजा सैल करून शिंप्याची बोटं सोडवली. मग नर्सबाई पुढे धावल्या, घड्याळजींनी पाणी आणलं, मावशी पदर डोळ्यांना लावून “सोसलंस गं पोरी” म्हणू लागल्या. सगळ्यांना एकदम कंठ फुटला होता. तिला क्षणभर बरंही वाटलं. आपण एकट्या नव्हतो तर.

मास्तर भुस्सा झटकत उठले. त्यांचा आवाज भरून आला होता. “वहिनी, आजची साखळी वेगळ्याच उंचीवर गेली. पुढचं कडवं तुम्हीच द्या. तो मान तुमचा.”

तिच्या कपाळावरून रक्त पापणीत उतरत होतं. तिने ते पुसलं आणि एकेकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“नऊ वर्षं सगळं दिसत होतं तुम्हाला,” ती म्हणाली, “आणि सुचलं काय, तर कविता!”