दोन बोटं
मुरबाडच्या कंपनीत हरेश वर्षानुवर्षं छपरं पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांची डिझाइनं करत आला, पण सही कायम साहेबाची. धाकट्या बहिणीनं, रश्मीनं, नोकरी सोडून शहापुरात इंजिनिअर म्हणून स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. तिचं पहिलंच काम शेणवे गावच्या बुद्धविहाराची शेड. भाताची पोती टांगून कैचीची परीक्षा होती. "दादा, कैचीखाली दोन बोटं जागा सोडून दोरी बांध. कैची वाकून दोरीला टेकली तर मी नापास," रश्मी म्हणाली. हरेशनं गुपचूप एकच बोट सोडलं. पोती लटकली. टेक एकदाची, तो मनात घोकत राहिला. कैची करकरली, टेकली नाही. "नाव काढलंस गो!" जमलेल्या गावच्या बाया ओरडल्या. रश्मीनं दोरीवरच्या फटीत करंगळी घालून पाहिली आणि हळूच म्हणाली, "दोन बोटं तू सोडणार नायस, हे धरूनच कैचीचे पाइप जाड घेतले, दादा."