अंगाचा आधार

मोंटानाच्या माळावर गोळ्या झाडून लांबवर उभे केलेले पोलादी मेंढे पाडायची स्पर्धा रंगली होती. शेवटचा मेंढा उरला, तशी आर्लीन जमिनीवर उताणी झाली. तिने गुडघा वर घेतला, गोळी भरून बोल्ट सारला आणि दुर्बीण लावलेलं पिस्तूल पोटरीला टेकवलं. टेकवतात सगळेच, तिची पोटरी मात्र प्लॅस्टिकची होती. “थांबा बाई!” पंच ओरडला. “आधार स्वतःच्या अंगाचाच हवा.” मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, “त्या पायाला नाडीच नाही, नेम हलणार कसा? फुकटचा फायदा!” “देवानं दिलेला पाय मळणीयंत्रानं खाल्ला,” आर्लीन पडल्या पडल्याच म्हणाली. “आता माझा पाय हाच. एवढा फायदा दिसत असेल, तर तुम्हीही एकेक कापून घ्या की!” हसणं विरलं. पंचाने नजर वळवली. “मारा,” तो पुटपुटला. तिने श्वास सोडून चाप ओढला. लांबवर ठण्ण वाजलं. मेंढ्याने अंग टाकलं.