निम्मं तेल

मेकॅनिक इलाहीभाईंनी गिअरबॉक्समधल्या तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. तो डांबरासारखा काळा पसरला.

"वहिनी, साठ हजार किलोमीटरला बदलायचं हे. तुमची गाडी लाखावर गेली. आता गिअरबॉक्सच बसेल."

मालूताईंना ते कळत होतं. पण हे नव्या जातीचं तेल पहिल्या चालवणाऱ्याचा हात शिकायचं, आणि मग सोडायचं नाही. त्यांच्या नवऱ्याला, दत्तोबांना, जाऊन तीन वर्षं झाली, तरी गाडी अजून त्यांच्यासारखेच गिअर टाकायची. तेल बदललं की सगळं विसरणार.

"थोडं तरी राहू दे हो," त्या कशाबशा म्हणाल्या.

इलाहीभाईंनी तेल धुऊन काढणारं मशीन बाजूला ढकललं. "खालचा नट काढला तर निम्मंच उतरतं, निम्मं आत राहतं. कंपनी म्हणते, सगळं काढा. काढू द्या त्यांना. दूध कितीही ताजं असलं तरी दही लागायला जुनंच विरजण लागतं."

दुपारी मालूताई आंबोली घाट उतरू लागल्या. गाडी मऊ चालत होती, पण परक्यासारखी. दोन वळणं तशीच गेली. तिसऱ्या वळणाआधी मात्र गाडीनं आपणहून गिअर उतरवला आणि ती हळू झाली. याच वळणावर मालूताईंना मळमळायचं. दत्तोबा दरवेळी इथं वेग कमी करून विचारायचे, बरं वाटतंय का?

मालूताईंनी काच खाली केली.

"वाटतंय," त्या म्हणाल्या.