हेरंबचं जावळ

सात महिन्यांनी हेरंबच्या टकलावर रोवून घेतलेले केस एकदाचे उगवले, पण काथ्यासारखे राठ आणि कुरळे. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला असेच येतात. वर्षभरात सरळ होतील."

आईला धीर निघेना. तिने डोक्यावरून हात फिरवला आणि निकाल दिला, "पहिले केस कधी धड येतात का? जावळ काढून टाक, मग बघ."

"अगं, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे!"

"केस सात महिन्यांचेच आहेत ना? विषम महिना, उत्तम!"

रविवारी सकाळी न्हावी अंगणात वस्तऱ्याला धार लावत बसला. हेरंब मागच्या दाराने निसटणार, तोच ब्याऐंशी वर्षांचे मामा काठी टेकत आले, पाटावर बसले आणि मांडी थोपटत म्हणाले, "ये बाळ्या. मागच्या वेळी फार रडला होतास."