पाठमोरी

चित्रातल्या बाईच्या अंगावर कपडे नव्हते, आणि ती बाई मुकुलची आई होती.

स्टुलावर पाठमोरी बसलेली. मान किंचित वळवलेली, म्हणूनच त्याला ओळखता आली. विरळ अंबाडा, कानामागे चष्म्याची काडी, आणि खाली सगळी उघडी, सुरकुतलेली पाठ. काळ्या शाईच्या बारीक रेघांनी काढलेली.

सिंगापूरला, ईस्ट कोस्टच्या एका कम्युनिटी क्लबात रविवारचं प्रदर्शन होतं. एका भिंतीवर जुन्या डच चित्रकारांनी बोरूने काढलेल्या माणसांच्या छापील प्रती. नखं कापणारा म्हातारा, मूल कडेवर घेतलेली भिकारीण, पाय धुणारी जाड बाई. समोरच्या भिंतीवर ती पाहून शिकणाऱ्या इथल्या वर्गाची चित्रं. ‘चला रे, बघण्यासारखं आहे,’ म्हणत अरुणाबाईंनीच मुलाला आणि सुनेला इथे आणलं होतं.

"आई, हे काय आहे?" मुकुलने विचारलं.

"मी आहे," त्याच्या मागून अरुणाबाई म्हणाल्या.

"तू या सगळ्यांसमोर..." तो त्यांच्याकडे वळला. "मंगळवारी तर तू भजनाला जातेस."

"भजन लवकर संपतं. मग इकडे येते."

"पण का?"

"वर्गाला चित्रासाठी म्हातारं माणूस हवं होतं. आधी साडी नेसूनच बसायचे. मग शिकवणाऱ्या टॅनबाईंनी विचारलं. खूप विचार केला आणि हो म्हटलं."

मुकुलने आजूबाजूला पाहिलं. त्याच्या बँकेतलं कुणी दिसलं नाही. तो तडक वर्गाच्या शिक्षिकेकडे, टॅनबाईंकडे गेला आणि हळू आवाजात, इंग्रजीत म्हणाला, "ते चित्र उतरवा. ती माझी आई आहे."

टॅनबाईंनी त्याच्या खांद्यावरून अरुणाबाईंकडे पाहिलं. अरुणाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

त्याची बायको क्षिप्रा अजून चित्रापुढेच होती. तिने बोट दाखवलं. "आई, इथे शाई सांडलीय का?"

उजव्या बाजूला, बरगड्यांवर, रेघांवर रेघा चढून तळव्याएवढा काळा डाग झाला होता.

"सांडली नाही. तेव्हा तसंच दिसत होतं. आपल्या घरीच, बाथरूममध्ये पडले होते."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"त्या आठवड्यात तुम्ही करंज्या लाटत होतात," क्षिप्रा म्हणाली. "माझ्या शेजारी बसून."

मुकुल जवळ आला. मघाशी त्याने चित्रावरून नजर काढून घेतली होती. आता ती त्या डागावरून हलेना.

टॅनबाईंना मराठी कळत नव्हतं, पण क्षिप्राचं बोट कुठे आहे ते कळलं.

"बरगडीला चीर गेली होती," त्या म्हणाल्या. "श्वास घेताना चेहरा वाकडा होत होता, म्हणून मीच पॉलिक्लिनिकला घेऊन गेले. घरी कुणी आहे का विचारलं, तर नाही म्हणाल्या."

अरुणाबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. मुकुल त्यांच्याकडे बघत राहिला.

टॅनबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"तुम्ही भेटायला आलात, बरं झालं," त्या म्हणाल्या. "किती दिवस आहात सिंगापूरला?"