दोन्ही तळहातांवर

"तुमचाच आजार बाळालाही आहे," डॉक्टर फहमिदा म्हणाल्या आणि त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला.

अपेक्षाने तो दोनदा वाचला. वकील माणूस, कागद दोनदा वाचल्याशिवाय मान हलवायची नाही ही सवय. साडेतीन फूट उंची, चाकांची खुर्ची, एकतीस वर्षांत एकोणीस वेळा मोडलेली ठिसूळ हाडं, आणि आता पोटात चौथा महिना. मांडीवर साक्ष कायद्याचं जाडजूड पुस्तक होतं, कारण न्यायाधीशपदाची मुख्य परीक्षा तेरा दिवसांवर आली होती.

"ठेवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं," डॉक्टर म्हणाल्या. "ठेवलंत तर तुम्हालाही फार जपावं लागेल, श्वासाचा त्रास वाढेल. नाही ठेवलंत तर त्यातही काही चूक नाही. सोमवारपर्यंत सांगा."

"तीन तास बसून पेपर लिहिता येईल का, एवढं सांगा."

डॉक्टरांना हसू आलं. "येईल. पाठीला उशी घ्या."

रत्नमालाबाईंनी लेकीची खुर्ची ढकलत बाहेर आणली. त्या कालच सोयगावहून इथे उस्मानपुऱ्यात लेकीकडे आल्या होत्या. जावई राजकुमार खाली गाडी काढायला गेला होता. तू म्हणशील त्यात मी आहे, असं सांगून तो केव्हाच मोकळा झाला होता. रत्नमालाबाई अशा मोकळ्या होणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी बाकावर बसून पिशवीतला डबा काढला आणि दोन्ही तळहातांवर धरून लेकीपुढे केला. ही त्यांची जुनी तऱ्हा. नारळ असो की दुधाचं पातेलं, ही बाई कुठलीच वस्तू वरून उचलायची नाही. खालून दोन्ही तळवे घालायची. अख्खं गाव त्यावरून हसायचं.

"खाऊन घे. अन् माझं ऐक. नको ठेवू."

"म्हणजे मीपण नको होते का, आई?"

"तोंड सांभाळ! तू पायजेच होतीस. तुझं मोडणं नको होतं. एकोणीस बार. तू विसरली असशील, मी नाय. परत त्ये ऐकायची ताकद नाय माझ्यात."

अपेक्षाने मांडीवरचं पुस्तक सरळ केलं. ज्या बाईने सातवीपर्यंत आपल्याला हातांवर शाळेत नेलं, तिच्यापुढे युक्तिवाद कसला करायचा?

"पहिलं हाड कुणी मोडलं, ठाव हाय?" भिंतीकडे बघत रत्नमालाबाईंनी विचारलं.

"बाळांना न्हाऊ घालणाऱ्या वच्छलाबाईंनी. मालिश करताना." हे तर घरात सगळ्यांना पाठ होतं.

"नाय. मी." त्यांनी डबा खाली ठेवला. "बाराव्या दिवशी वच्छलाबाईला यायला उशीर झाला. पावणे यायच्या आत लेकराचं न्हाणं उरकावं म्हून मीच पाय पसरून बसले, तुला पायावर घेतलं. तेल लावलं. शेवटाला हातापायाची घडी घालतेत, तशी घातली. कट्ट वाजलं. तेवढ्यात ती आली, तर तुला तिच्या मांडीवर दिलं अन् समदं तिच्या माथी मारलं. परत गावात तिला कुणी बाळाला हात लावू दिला नाय."

एवढं बोलायला त्यांना एकतीस वर्षं लागली होती.

"मला माहितीय," अपेक्षा म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. वकिलीची सनद मिळाली तेव्हा पेढे द्यायला गेले होते. म्हणाल्या, तुझ्या आईला तुला वाढवायचं होतं, तिच्यावर ठपका नको, म्हणून मी गप बसले. तिला बोलू नको म्हणाल्या."

रत्नमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. अपेक्षाला त्या क्षणी आईची फार माया आली. वच्छलाबाईंचीही आली.

"आई, मी ठेवणार आहे," ती म्हणाली. "दुसरी कुणी नको म्हणाली असती, तर मी तिच्याही बाजूनं उभी राहिले असते, भांडले असते. पण मला हवंय. तुला माहीत नव्हतं तेव्हा मोडलं. आता माहितीय."

तिचा आवाज एकदाही कापला नाही. कोर्टात पहिल्या दिवशी मात्र चांगलाच कापला होता म्हणे.

"अन् परीक्षा?"

"तीपण द्यायची."

"दोन्ही कसं व्हायचं गं, बाई?"

अपेक्षाने लिफ्टकडे बघितलं. लिफ्ट वर येत होती आणि तिला खुर्ची वळवायला दोन्ही हात हवे होते. तिने मांडीवरचं पुस्तक आईपुढे केलं. "हे धर जरा."

रत्नमालाबाईंनी डोळे न पुसताच हात पुढे केले. एक तळवा पुस्तकाच्या वरच्या टोकाखाली, दुसरा खालच्या. बोटं पसरलेली, कुठे दाब नाही, कुठे ओढ नाही. पुस्तक अलगद छातीशी आलं, आणि त्यांच्याही नकळत त्या किंचित डोलू लागल्या.

अपेक्षा बघतच राहिली.

"अस्संच धरायचं," ती हळूच म्हणाली. "मला कुठं येतंय? मी तर कायम दुसऱ्यांकडून धरून घेणारी. तूच शिकव मला."

रत्नमालाबाईंनी खाली आपल्या हातांकडे पाहिलं. लिफ्टचं दार उघडलं.

"दे आता इकडं," अपेक्षा म्हणाली. "तेराच दिवस राहिलेत."

"गाडीत बसल्यावर देते," रत्नमालाबाई म्हणाल्या, आणि पुस्तक तसंच धरून, पायाखालची फरशी बघत बघत, लिफ्टमध्ये शिरल्या.